घरपट्टीपासून टिळकांच्या जामिनापर्यंत : जस्टिस बद्रुद्दीन तैयबजी

जस्टिस बद्रुद्दीन तैयबजी म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, ते काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. दुसरी, १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश ते हेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणाचं काम तेवढ्यावर भागतंही. पण टिळकांचा अर्ज त्यांच्यासमोर आला, त्याच्या जवळपास पंचवीस वर्षं आधीपासून हा माणूस सार्वजनिक कामात होता. आणि त्या कामाची सुरुवात ज्या विषयांपासून झाली ते ऐकायला फार रुक्ष वाटतात : घरपट्टी, गटारं, म्युनिसिपालिटीचा खर्च, विलायती कापडावरची जकात. आपल्या शहराची घाण कोण काढणार, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार आणि ते खर्च करताना आपल्याला विचारणार की नाही, हा प्रश्न त्यांच्या पिढीने पहिल्यांदा सरकारला तोंडावर विचारला. बद्रुद्दीन त्या पिढीतले मुसलमान होते, आणि हा प्रश्न आपल्या कौमचाही आहे असं ते शेवटपर्यंत मानत राहिले.

भाई मियाँचा मुलगा

१० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील तैयब अली, लोक त्यांना भाई मियाँ म्हणत. सुलेमानी बोहरा जमातीचं हे घराणं मूळचं खंबातचं. तैयब अली व्यापारातून वर आले होते. युरोपशी व्यवहार करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, की पुढचा जमाना इंग्रजी जाणणाऱ्यांचा आहे. त्या काळी मुंबईतल्या बहुतेक मुस्लिम घरांत इंग्रजी शाळेचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडायच्या. भाई मियाँनी मुलांना नुसतं इंग्रजी शिकवलं नाही, थेट युरोपात पाठवलं. थोरले कमरुद्दीन विलायतेत शिकून सॉलिसिटर झाले, तसे होणारे ते पहिलेच हिंदी. घरातली बोली गुजराती होती. ती बाजूला ठेवून घराण्याने उर्दू धरली. शहरातल्या बाकीच्या मुसलमानांशी जोडून घ्यायचं तर भाषा एक हवी, हा त्यामागचा विचार. या घराण्यात रोजच्या घडामोडी वहीत लिहून ठेवायचा रिवाजही होता. त्या वह्यांना ते अखबारच म्हणायचे!

बद्रुद्दीन आधी दादा मकबांच्या मदरशात शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. डोळे लहानपणापासून अधू. त्यांच्या इलाजासाठी फ्रान्सला नेलं होतं. १८६० मध्ये ते इंग्लंडला गेले, मध्येच तब्येत आणि नजर दोन्ही बिघडल्याने १८६४ मध्ये परत आले, १८६५ मध्ये लग्न केलं आणि पुन्हा गेले. १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन वर्षअखेरीस मुंबईत उतरले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. गोऱ्या बॅरिस्टरांच्या त्या गर्दीत बस्तान बसवायला किती मेहनत पडली असेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. पण वकिली चालली, आणि चांगलीच चालली.

ते परतले ती मुंबई

बद्रुद्दीन शिकायला गेले तेव्हाची मुंबई आणि परतले तेव्हाची मुंबई यात जमीन-अस्मानाचा फरक होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मधली चार वर्षं हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा नुसता पूर. शेअरबाजारात लोक वेडे झाले. १८६४ च्या मोजणीत शहराची वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, बँका बुडाल्या, आणि १८७२ च्या खानेसुमारीत आकडा ६ लाख ४४ हजारांवर आला. एवढी माणसं आली आणि गेली, पण मधल्या काळात त्यांच्यासाठी नीट गटारं नव्हती, पाणी पुरेसं नव्हतं. विहारचं पाणी १८६० मध्ये आलं होतं, तरी डोंगरी, मांडवी, उमरखाडीसारख्या दाट वस्तीत कॉलऱ्याचा फेरा चुकत नव्हता.

सरकारने १८६५ मध्ये नवा कायदा केला आणि म्युनिसिपल कमिशनर म्हणून आर्थर क्रॉफर्ड यांना बसवलं. हेल्थ ऑफिसर म्हणून डॉ. ह्यूलेट आले. क्रॉफर्ड हा तडफदार माणूस, हे मानलंच पाहिजे. रस्ते रुंद केले, गटारांची साफसफाई लावली, शहरातले कत्तलखाने उचलून वांद्र्याला नेले. भाजी-मटणासाठी भलंमोठं मार्केट बांधलं, ज्याला आजही जुनी मुंबईकर मंडळी क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. शहर खरोखर स्वच्छ झालं. पण कत्तलखाना वांद्र्याला गेला म्हणजे कसाई बांधवांचा रोजचा धंदा, जाण्या-येण्याचा खर्च, जनावरांची ने-आण सगळं बदललं. आरोग्याच्या नावाने निघालेल्या हुकमाचा असा एक दुसरा हिशेब असतो, आणि तो ज्याच्या घरात उतरतो त्यालाच कळतो.

पैसा कुठून आला? करांतून आणि कर्जातून. घरपट्टी होती, पोलीस कर होता, दिवाबत्तीचा कर होता, गाड्या-घोड्यांवरचा कर होता. आणि हलालखोर कर होता. हा शब्द आपल्या वाचकांना वेगळ्या अर्थाने लागेल म्हणून सांगतो. हलालखोर म्हणजे मैला वाहणारा सफाई कामगार. मेहनतीची, हलालची रोटी खाणारा, या अर्थाने बादशहा अकबराने हे नाव रूढ केलं असं आईन-ए-अकबरीत म्हटलं आहे. इंग्रजांनी ते नाव उचलून थेट कराला लावलं. आज मुंबईच्या बिलात मलनिस्सारण कर दिसतो ना, त्याचं हे जुनं रूप.

शिवाय शहरात येणाऱ्या मालावर टाऊन ड्युटी. धान्य, तूप, जळाऊ लाकूड, दारू, असल्या रोजच्या खपाच्या वस्तूंवर. घरपट्टीची पावती मालकाच्या नावाने फाटायची हे खरं, पण चाळीतला भाडेकरू ती भाड्यातून भरायचा. टाऊन ड्युटीची तर पावतीच नसे. ती तुपाच्या आणि सरपणाच्या भावात मिसळून यायची. गोदीतला हमाल, मदनपुऱ्यातला विणकर, भेंडीबाजारातला भटारखान्याचा नोकर, सगळे ती देत होते आणि आपण म्युनिसिपालिटीला कर देतो हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. माझ्या मते कोणत्याही सरकारला आवडणारा कर हाच. घेतो ते दिसत नाही.

क्रॉफर्डचा हात सढळ होता आणि त्यावर अंकुश ठेवायला जी जस्टिसेस ऑफ द पीसची सभा होती, ती सरकारने नेमलेली. बाजार कोसळला तरी खर्च थांबेना, थकबाकी वसूल करताना जबरदस्ती होऊ लागली, कर्ज वाढलं. १८७०-७१ मध्ये करदात्यांचा संताप बाहेर पडला. नवरोजी फर्दुनजी त्यात पुढे होते. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र वेगळा मुद्दा मांडला : एका क्रॉफर्डला शिव्या घालून काय होणार, दोष माणसापेक्षा पद्धतीत आहे, करदात्यांनी निवडलेले लोक आत आणा. क्रॉफर्ड गेले. १८७२ चा कायदा आला. कॉर्पोरेशनमध्ये ६४ सभासद, त्यांतले निम्मे म्हणजे ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसेसनी आणि १६ सरकारने.

१८७३ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या कॉर्पोरेशनमध्ये बद्रुद्दीन तैयबजी होते. वय एकोणतीसही पूर्ण नव्हतं.

पन्नास रुपयांची चौकट

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपण आपल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना हा भाग पटकन ओलांडतो. या निवडणुकीत मत कोणाला होतं? वर्षाला ५० रुपये कर भरणाऱ्याला. म्हणजे साडेसहा लाखांच्या शहरात जेमतेम काही हजार मतदार. घरमालक, व्यापारी, बडे पेढीवाले. शहरात मुसलमान सुमारे एक पंचमांश होते, पण त्यांतला कारागीर, मजूर, खलाशी या यादीत कुठून असणार? हलालखोर कर ज्यांच्या नावाने होता, ते हलालखोर तर नव्हतेच. बद्रुद्दीन, फिरोजशहा आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग हे तिघे पुढे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे तीन खांब ठरले, पण त्यांना निवडणारी मुंबई फार छोटी होती. १८८८ च्या नव्या म्युनिसिपल कायद्यात ही अट ३० रुपयांवर आली. त्यातही मोठा वाटा फिरोजशहा आणि तेलंगांचा. तरीही मधलं अंतर मोठंच राहिलं.

तरीही १८७३ ची ती खुर्ची महत्त्वाची होती. तोपर्यंत मुस्लिम पुढारी म्हणजे सरकारदरबारी अर्ज घेऊन जाणारा, असाच रिवाज होता. इथे एक मुसलमान बॅरिस्टर पारशी, हिंदू आणि इंग्रज सभासदांच्या शेजारी बसून बजेटवर बोलत होता, अर्जदार म्हणून नव्हे, करदात्यांचा माणूस म्हणून.

पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. कमरुद्दीन, बद्रुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे ही मंडळी त्यात होती. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. आज बोरीबंदर स्टेशनासमोर जी देखणी इमारत दिसते, तिथे आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा शिकले. या शाळेबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही. एवढंच ध्यानात घ्यावं की कॉर्पोरेशन आणि अंजुमन ही दोन कामं त्यांनी एकाच वेळी हाती घेतली. मत मागायचं तर हिशेब वाचता आला पाहिजे, हिशेब वाचायचा तर तालीम हवी. दोन्ही एकाच दोरीचे पीळ होते.

मीठ महाग, मँचेस्टर स्वस्त

बद्रुद्दीन यांचं पहिलं मोठं जाहीर भाषण झालं ते १८७९ मध्ये, टाऊन हॉलच्या सभेत. विषय होता मँचेस्टरच्या कापडावरची जकात.

मामला काय होता ते समजून घेऊ. विलायतेतून येणाऱ्या सुती कापडावर हिंदुस्थान सरकार पाच टक्के जकात घ्यायचं. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ती खुपत होती, कारण मुंबईत देशी गिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या. १८७७ मध्ये पार्लमेंटने ही जकात काढावी असा ठराव केला. आणि मार्च १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जाड्याभरड्या कापडावरची जकात माफ करून टाकली. त्यांच्या स्वतःच्या कौन्सिलचं बहुमत विरोधात होतं. ते बाजूला सारून केली.

आता त्या वर्षांत इथे काय चाललं होतं ते बघा. १८७६ ते ७८ दख्खनमध्ये आणि मद्रासकडे भीषण दुष्काळ. लाखो माणसं गेली. पाठोपाठ अफगाण युद्धाचा खर्च. तिजोरीत खडखडाट म्हणून १८७८ मध्ये व्यापाऱ्यांवर आणि कारागिरांवर लायसन्स टॅक्स बसवला. त्यावरून सुरतेत हरताळ झाला, दंगल झाली, गोळीबार झाला. त्याच सुमारास मिठाची ड्युटी देशभर एकसारखी करायची म्हणून मुंबई आणि मद्रास इलाख्यात ती मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर नेली. अर्थखात्याचे सूत्रधार होते सर जॉन स्ट्रेची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे दुष्काळातून उठलेल्या माणसाच्या मिठावर कर वाढवायचा, शिंप्याकडून आणि वाण्याकडून लायसन्स टॅक्स घ्यायचा, आणि परदेशी कापडावरचं हक्काचं उत्पन्न सोडून द्यायचं. टाऊन हॉलमधली सभा यासाठीच होती. पार्लमेंटला अर्ज पाठवायचा होता. बद्रुद्दीन बोलले आणि सभा जिंकली. तोवर ते कोर्टातले नामांकित वकील होते, त्या दिवसापासून शहर त्यांना वक्ता म्हणून ओळखू लागलं.

जकात अर्थात परत आली नाही. उलट १८८२ मध्ये उरलेलीही गेली. आपल्या समाजाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. १८५७ नंतर उत्तरेतून उठून मालेगाव, भिवंडी, मदनपुरा इथे आलेली मोमीन विणकर घराणी त्याच काळात इथे माग मांडून बसली होती. मँचेस्टरच्या कापडाशी त्यांची गाठ रोजची. टाऊन हॉलच्या सभेत त्यांच्यातला कोणी होता की नाही, इतिहासाला त्याची फिकीर नाही, पण तिथे चाललेला वाद त्यांच्याही मागाचा होता.

१८८२ मध्ये बद्रुद्दीन मुंबईच्या कायदे कौन्सिलवर नेमले गेले. लॉर्ड रिपन यांचं स्थानिक स्वराज्याचं धोरण आलं होतं, जिल्हा म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डांचे कायदे १८८४ मध्ये झाले. इल्बर्ट बिलाच्या वेळी, १८८३ मध्ये, ते पुन्हा टाऊन हॉलमध्ये उभे राहिले. १८८५ च्या जानेवारीत फिरोजशहा आणि तेलंगांबरोबर बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. १८८६ मध्ये तब्येतीमुळे त्यांनी कौन्सिल सोडली.

मद्रास, डिसेंबर १८८७

काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. मद्रासला सहाशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते. त्या अधिवेशनाचा एक ठराव आज फारसा कोणाला आठवत नाही. १८८६ मध्ये इन्कम टॅक्स आला होता आणि वर्षाला ५०० रुपये मिळवणाराही त्यात सापडत होता. छोट्या दुकानदाराला आणि कारकुनाला वसुलीवाले छळायचे. बद्रुद्दीन अध्यक्ष असलेल्या सभेने मागणी केली की ही मर्यादा १००० रुपयांवर न्या. तूट आली तर आधी सरकारी खर्च कमी करा, आणि तेही जमत नसेल तर बारीक सुती कापडावर आयात जकात बसवा. टाऊन हॉलचा आठ वर्षांपूर्वीचा मुद्दा देशाच्या मंचावर आला तो असा.

त्याच दिवसांत सर सय्यद अहमद खान यांनी लखनौत मुसलमानांना काँग्रेसपासून लांब राहायला सांगितलं. सर सय्यद यांच्याबद्दल बद्रुद्दीन यांना मनापासून आदर होता. तालीमच्या बाबतीत दोघांचं मत एकच. १८८८ च्या सुरुवातीला त्यांनी सर सय्यद यांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. ज्या प्रश्नांत साऱ्या हिंदुस्थानचं हित एक आहे तिथे मुसलमानांनी बाहेर राहण्यात तोटा आपलाच आहे, आणि एखादी गोष्ट मुसलमानांना खटकत असेल तर ती आत राहूनच अडवता येईल, हा त्यांचा रोख. ते नुसते बोलले नाहीत. मुस्लिम किंवा हिंदू प्रतिनिधी जवळपास एकमताने विरोध करतील तो विषय काँग्रेसने चर्चेलाच घेऊ नये, असा नियम त्यांच्या आग्रहामुळे १८८८ मध्ये झाला.

सर सय्यद बधले नाहीत. देशभरातल्या अनेक मुस्लिम संस्था त्यांच्या बाजूने गेल्या. बद्रुद्दीन इतके खट्टू झाले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ह्यूम यांना काँग्रेसची अधिवेशनं पाच वर्षं थांबवावीत असं सुचवलं. त्यांच्या चरित्रातली ही बाजू लपवायचं कारण नाही. एका माणसाने आपल्याच लोकांशी सरळ वाद घातला, त्यात त्याला यश आलं नाही, आणि तो थकलाही. पण त्याने मत बदललं नाही. १९०३ मध्ये सर सय्यद यांनीच सुरू केलेल्या मोहम्मेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचं अधिवेशन मुंबईत भरलं तेव्हा अध्यक्ष बद्रुद्दीन होते, आणि त्या व्यासपीठावरही त्यांनी काँग्रेसबद्दलची आपली भूमिका कायम असल्याचं सांगितलं. तिथेच ते कडक पडद्याच्या विरोधातही बोलले. स्वतःच्या मुलींना त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे बोलायचा हक्क होता.

प्लेग आला

जून १८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या कोर्टात बसलेले पहिले मुसलमान. न्यायाधीश झालं की टाऊन हॉल बंद. सभा नाही, अर्ज नाही, ठराव नाही. १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली आणि बरोबरी साधायची म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढीच एक्साइज लावली. मुंबई संतापली, पण १८७९ चा वक्ता आता बेंचवर होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले. ऑक्टोबरमध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की रोग्याला सक्तीने हलवायचं, घर धुऊन काढायचं. लोक रोगाइतकेच या हुकमाला घाबरले. गाठोडी बांधून निम्मं शहर गावाकडे पळालं. गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हातात कोणतंही घर उघडायचा अधिकार आला. घरात शिरायचं, कौलं काढायची, जमीन उकरायची, सामान जाळायचं, बाईमाणसाची नाडी बघायची. मुस्लिम मोहल्ल्यांत पडद्याचा आणि मय्यतीचा प्रश्न सगळ्यांत नाजूक होता. गुसल कोण देणार, दफन कुठे, इस्पितळात मेलेल्या बाईचं तोंड कोण बघणार? जमातींनी आपापली प्लेग इस्पितळं काढली तेव्हा कुठे थोडी घबराट कमी झाली. तरी ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात भडका उडालाच. तपासणी पथक एका विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासायला गेलं, मोहल्ला रस्त्यावर आला आणि दंगल शहरात पसरली. माणसं मेली. त्यानंतर सरकारला हात थोडा सैल सोडावा लागला.

पंचवीस वर्षांपूर्वी बद्रुद्दीन ज्या कॉर्पोरेशनमध्ये बसायचे, तिचा कारभार या साथीत बाजूला पडला आणि सूत्रं जनरल गॅटाकर यांच्या प्लेग कमिटीकडे गेली. लोकांना विचारून काम करायचं की शिपाई पाठवून, हा १८७१ चा प्रश्न पुन्हा दारात उभा होता.

पुण्यात तर गोष्ट आणखी चिघळली. रँड यांच्या सोल्जरांनी घरोघर जे केलं त्याच्या कहाण्या महाराष्ट्रभर झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकरांनी रँडला गोळी घातली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत राजद्रोहासाठी अटक झाली. खटला ज्या मजकुरावर होता तो प्लेगवरचा नव्हता. केसरीत १५ जूनला छापलेली शिवाजी महाराजांच्या नावाने लिहिलेली कविता आणि अफझलखानाच्या वधाचं समर्थन करणाऱ्या व्याख्यानाचा वृत्तांत, हा तो मजकूर. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढेही तो मिळाला नाही. खटला सेशन्सकडे गेल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला, तो जस्टिस तैयबजींपुढे.

सरकार चिडलेलं. इंग्रजी पत्रं टिळकांच्या नावाने आरडाओरड करत होती. मजकूर अफझलखानाच्या वधाचा, समोर न्यायाधीश मुसलमान. सरकारी वकिलांनी काय धरून ठेवलं असेल ते सांगायला नको. बद्रुद्दीन यांनी एवढंच पाहिलं की आरोपी पळून जाणाऱ्यातला नाही आणि त्याला आपला बचाव नीट तयार करता आला पाहिजे. जामीन मंजूर झाला.

खटला चालला तो जस्टिस आर्थर स्ट्रेची यांच्यासमोर. सर जॉन स्ट्रेची यांचे हे चिरंजीव. बापाच्या काळात मीठ महागलं आणि मँचेस्टरची जकात गेली, मुलाने टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. आणि जामीन मागणारे दावर पुढे स्वतः न्यायाधीश झाले, १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडणारे तेच!

बद्रुद्दीन १९०२ मध्ये मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीश झाले. तोवर प्लेगने शहराला पोखरलं होतं. १८९१ मध्ये मुंबईत ८ लाख २१ हजार माणसं होती, १९०१ च्या मोजणीत ७ लाख ७६ हजार भरली. अरुंद वस्त्या पाडून रस्ते काढायला १८९८ च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला होता. त्याच्याबरोबर जागा संपादन, भरपाई, भाडेकरूंची हकालपट्टी हे नवे झगडेही आले.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६१. मिठावरची ड्युटी त्यांच्या हयातीतच १९०३ मध्ये दोन रुपयांवर आणि १९०५ मध्ये दीड रुपयावर उतरली होती. देशी कापडावरची साडेतीन टक्के एक्साइज मात्र १९२५ च्या अखेरीपर्यंत चालू राहिली.